जुना लॅपटॉप मोडीत घालण्याआधी

गेल्या वर्षी मोडवाला दारात आला, तेव्हा हे म्हणाले, "तो लॅपटॉपही देऊन टाक." त्यात विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा पाठिंबा थांबला आणि नवे विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चढत नव्हते. पण यंत्र ठणठणीत! मन होईना. म्हटलं, लिनक्स बसवून पाहू.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. त्याच्या अनेक आवृत्त्या फुकट मिळतात. नवशिक्यांना 'लिनक्स मिंट' सोपे. त्याला ६४ बिटांचे यंत्र आणि किमान २ जीबी रॅम लागते. ४ असली तर काम सुखाने चालते.

कृती अशी. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा. ती नुसती कॉपी करून चालत नाही. 'एचर'सारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवावी लागते. मग तो लावून लॅपटॉप सुरू करा आणि बूटची कळ दाबा. कुठे एफ १२, कुठे एस्केप, कंपनीगणिक वेगळी. आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालते, आतल्या डिस्कला हात लागत नाही. भात शिजला का, हे शित दाबून पाहतो ना, तसेच! वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का, ते दोन दिवस बघा.

इथे मी घाई केली. बसवताना विचारतात, जुन्याच्या शेजारी ठेवायचे की डिस्क पुसायची? मी पुसायचीवर बोट ठेवून मोकळी झाले. सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे फोटो त्यातच होते. त्या आता नाहीत. नणंदबाईंच्या फोनमध्ये सहा फोटो निघाले, तेवढेच उरले. ह्यांनी एक शब्द काढला नाही, त्याचेच जास्त लागले. म्हणून हात जोडून सांगते, आधी फोटो आणि कागदपत्रे दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि ती उघडतात का, तेही पाहा.

पुढची निगा अवघड नाही. खालच्या कोपऱ्यातले ढालीचे चिन्ह दिसले की आठवड्यातून एकदा अपडेट करा. 'टाइमशिफ्ट' लावून ठेवा. काही बिघडले तर यंत्रणा पूर्वपदावर आणता येते. मात्र ते आपले फोटो सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळीच हवी. पासवर्ड म्हणजे कपाटाची किल्ली. मुलांच्या हाती देऊ नका. आणि त्या काळ्या खिडकीत, कुणी सांगितली म्हणून, न कळलेली आज्ञा टाइप करू नका.

पत्रे आणि हिशेबासाठी 'लिब्रेऑफिस' सोबतच येते. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीही जोडता येते. मात्र ह्यांच्या कामाचा एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालणारा असेल, तर आधी चौकशी करा.

आता भिशीचा हिशेब मी त्याच लॅपटॉपवर लिहिते. आणि ते सहा फोटो? तीन ठिकाणी ठेवलेत!