गुलामाचे पोर कवी झाले, आणि आमच्या कपाटाला कुलूप!

माळशिरस तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या मार्च महिन्यात आम्ही चार शनिवार शाळेची मुले नेली आणि युक्रेन देशातील तारास शेवचेन्को या कवीची हकीकत त्यांस सांगितली. ही बातमी पसरताच चावडीवर चर्चा झाली. एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने आम्हांस वाटेत गाठून विचारले, "गुरुजी, त्या परमुलखातल्या कवीचं आमच्या पोरांस्नी काय करायचंय? त्यानं उसाचं बिल लवकर निघणार हाय का?"

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घामाच्या पैशावर शाळा व वाचनालय चालते, त्याला जाब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. वाटेत उभ्या उभ्या दिलेले उत्तर तोकडे पडले, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहो.

युक्रेनचे नाव आमच्या घरांस अगदीच नवे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाची फौज त्या देशावर चालून गेली, तेव्हा तेथे डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली पोरे जीव मुठीत धरून परत आली आणि इकडे सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला. एवढीच काय ती आमची ओळख. परंतु बाजारभावावरून देशाची ओळख होत नसते. तेथील कष्टकऱ्याने काय सोसले आणि काय गाइले, हे कळले म्हणजे ती होते.

हा कवी ९ मार्च १८१४ रोजी जन्मला. आईबाप भूदास. त्या काळी रशियाच्या बादशाहीत जमीनदाराने गाव विकले की गावातला कुणबीही त्यासोबत विकला जाई. मालकाच्या शेतात फुकट राबायचे, त्याच्या परवानगीने लग्न करायचे आणि चुकले की फटके खायचे, अशा माणसाला भूदास म्हणत. पोर नऊ वर्षांचे असता आई गेली, अकराव्या वर्षी बाप गेला. देवळातल्या एका दारुड्या पंतोजीकडे पाणी भरून व मार खाऊन ते अक्षरे शिकले. गावाबाहेर त्याने मेंढरे राखली. पुढे मालकाने त्याला घरात हरकाम्या म्हणून ठेवले. रात्री मेणबत्ती लावून चित्र काढीत बसला म्हणून मालकाने त्याला चाबकाने फोडून काढविले.

चित्रकलेचे वेड काही सुटेना. सेंट पीटर्सबर्ग शहरातील नामांकित चित्रकारांनी त्याचा हात पाहिला आणि त्याला सोडविण्याचे ठरविले. मालकाने २५०० रूबल मागितले. तेव्हा ब्रुलोव्ह नावाच्या चित्रकाराने एका मोठ्या कवीची तसबीर रंगविली, तिची सोडत काढून रक्कम उभी केली आणि १८३८ साली हा चोवीस वर्षांचा तरुण मोकळा झाला.

एवढे सांगून आम्ही थांबलो. मागल्या ओळीत बसलेला एक पोरगा हळूच म्हणाला, "म्हंजी गुरुजी, त्याची उचल फिटली म्हणायची!" या पोराचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोपी सोडता येत नाही, हे त्याला पाठ आहे. भूदास या शब्दाचा अर्थ सांगायला आम्हांस अर्धा तास लागला होता, तो त्या लेकराने एका वाक्यात सांगितला. परका म्हणतात तो कवी हाच काय?

१८४० साली त्याचे 'कोबझार' हे कवितांचे पुस्तक निघाले. कोबझार म्हणजे तेथील शाहीर. तंतुवाद्य घेऊन गावोगाव पूर्वजांच्या लढायांची गाणी गाणारा, बहुधा आंधळा. आपल्याकडे डफावर पोवाडा गाणारा शाहीर किंवा ढोलावर ओवी म्हणणारा धनगर जसा, तसाच तो. बड्या लोकांची भाषा रशियन. युक्रेनी भाषेला ते शेतकऱ्यांची बोली म्हणून हिणवीत. याने त्याच बोलीत लिहिले. पुढे १८७६ साली त्या भाषेतील बहुतेक पुस्तके छापण्यावरच बादशहाने बंदी घातली. कुणब्याची भाषा कागदावर आली की सिंहासनास कापरे भरते, याहून दुसरा पुरावा कशाला पाहिजे?

१८४७ साली त्याला पकडले, साधा शिपाई करून दूर ओरेनबर्गच्या बाजूस हद्दपार केले आणि लिहिण्यास व चित्रे काढण्यास बंदी केली. हा हुकूम खुद्द बादशहाचा. तरीही तो लहान वह्या शिवून बुटात लपवी व त्यांत लिही. दहा वर्षे अशी गेली. हे ऐकून एका मुलीने विचारले, "गुरुजी, नुसत्या कवितेला राजा का भ्यायला?"

आम्ही तिला उलट विचारले, "तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत का बुडवायला लावल्या, अशी आपली लोकं सांगतात?" आषाढात माउलींची पालखी माळशिरसला आणि तुकोबांची अकलूजला मुक्काम करते, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "कुणब्यानं लिहायचं नसतं म्हणून." चार शनिवारांची आमची मजुरी त्या उत्तरात फिटली.

परदेशच्या दुःखाशी नाते जोडणे हे नवे खूळ आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी जोतीरावांकडे पाहावे. अमेरिकेतील चांगल्या लोकांनी हबशी गुलामांना मोकळे केले, म्हणून १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीरावांनी त्यांस अर्पण केला. अमेरिकेशी त्यांचा काय व्यवहार होता? काही नव्हता. पण गुलाम कोठलाही असो, तो आपला भाऊबंद, हे त्यांनी ओळखले होते. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई पुण्यात मुलींची शाळा काढीत होते, तेव्हा शेवचेन्को हद्दपारीत शिपायाचे ओझे वाहत होता. १८५५ साली जोतीरावांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. तिकडे सुटून आल्यावर शेवचेन्कोने कष्टकऱ्यांच्या रविवारच्या शाळांसाठी बाराखडीचे पुस्तक तयार केले, पदरच्या पैशाने १०,००० प्रती छापविल्या व किंमत ठेवली अवघी तीन कोपेक. तेच त्याचे शेवटचे पुस्तक. दोघांची भेट झाली नाही, एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक असण्याचेही कारण नव्हते. पण दोघांनी रोग एकच ओळखला आणि औषधही एकच दिले.

आता उसाचे विचारले आहे, तर तेही सांगतो. १८६० साली 'कोबझार'ची नवी आवृत्ती निघाली, तिचा खर्च प्लातोन सिमिरेंको नावाच्या साखर कारखानदाराने सोसला. तिकडे साखर बिटाची. या गृहस्थाचा बाप स्वतः भूदास होता आणि पैसे भरून मोकळा झाला होता. ज्याने वेठ पाहिली त्याच्या पोराने साखरेच्या पैशातून कवीचे पुस्तक छापले! आपल्याही तालुक्यात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. साखर पिकविणाऱ्याने ज्ञानाचाही खर्च उचलावा, ही गोष्ट आपणांस कठीण नाही. गावजेवणावर व जयंतीच्या डीजेवर जे उधळतो, त्याचा दहावा हिस्सा पुस्तकांस दिला तरी पुरे.

कवी वारला तो १० मार्च १८६१ रोजी. भूदासांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर बादशहाची सही एकच आठवडा आधी झाली होती. पण तो लोकांत वाचला जाण्यापूर्वीच याने डोळे मिटले. आयुष्य अवघे ४७ वर्षांचे, त्यातील २४ वर्षे गुलामीत आणि १० हद्दपारीत.

त्याचा देव मात्र आम्ही केला नाही. १७६८ सालच्या शेतकरी बंडावर त्याने मोठे काव्य लिहिले आहे. त्या बंडात पोलिश व यहुदी लोकांच्या कत्तली झाल्या, हे आम्ही मोठ्या मुलांपासून लपविले नाही. कवीला हार घालून सुटका करून घेण्यापेक्षा त्याच्याशी वाद घालणे हा त्याचा खरा मान होय.

आणि येथेच आमचे खरे दुखणे आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीने सरकारी अनुदान मिळते. तो पैसा तुमचाआमचा. पण पुष्कळ ठिकाणी वाचनालय म्हणजे चार वर्तमानपत्रे, त्यांभोवती पाच पुरुष आणि कुलूप लावलेले कपाट. जयंतीला तसबीर पुसायची, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि त्याच महापुरुषाचा ग्रंथ कपाटात कसरीच्या हवाली करायचा. मुलींनी तर उंबरा ओलांडायचा नाही. पूर्वी पोथी सोवळ्यात असे, आता पुस्तक कुलपात आहे. शिवाशिवीचे नाव बदलले, एवढेच. आणि या वेळी किल्ली दुसऱ्या कोणाच्या नव्हे, आपल्याच माणसाच्या कमरेला आहे!

वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम गेले. त्यांचा पुतळा २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात बसला. आम्हांस अभिमान वाटला. पण त्याच साली त्याच राज्याच्या फौजा युक्रेनमध्ये होत्या आणि बोरोद्यांका गावी शेवचेन्कोच्या पुतळ्याच्या डोक्यात गोळ्या घुसल्या, हेही मुलांना कळले पाहिजे. पुतळा बसविणे सोपे आणि फोडणेही सोपे. मुलाच्या डोक्यात बसलेला कवी मात्र कोणाला फोडता येत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. महिन्यातून एक शनिवार वाचनालय मुलांच्या ताब्यात द्यावे आणि किल्ली त्या दिवशी एका मुलीच्या हाती असावी. ३ जानेवारीस सावित्रीबाई, ९ मार्चला शेवचेन्को, ११ एप्रिलला जोतीराव व १ ऑगस्टला अण्णाभाऊ, असे चार दिवस हाराऐवजी वाचनाचे ठेवावेत. त्यांचे लिहिलेले मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही अशा आयाबायांना पुढे बसवावे. मराठीत पुस्तक नसेल तेथे शिक्षकाने इंग्रजीवरून मतलब सांगावा, आम्ही तेच केले. शेवटी मुलांनी घरच्या आजीची एक ओवी लिहून आणावी. आमच्या मुलांनी अशा एकोणतीस ओव्या आणल्या. त्या आम्ही वहीत उतरवून त्याच कपाटात, शेवचेन्कोच्या शेजारी ठेविल्या आहेत.

त्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यास आमचे उत्तर एवढेच, की आबा, या कवीने उसाचे बिल लवकर निघणार नाही, हे कबूल. परंतु बिल का अडले, वजन कोठे मारले आणि उचल फिटत का नाही, हे वाचून, लिहून चारचौघांत विचारणारे पोर जर तुमच्या घरात निपजले, तर ते अशाच एखाद्या शनिवारी, उघड्या कपाटासमोर निपजेल. तुमची नात त्या चार शनिवारांत एकदाही चुकली नाही. पुढल्या शनिवारी तुम्हीही या.