मालमोटारचालकांचे तास : हिशेब कोणाचा?

मालमोटारचालकाने दिवसात किती तास गाडी हाकावी, यासंबंधी अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून नियम आहेत. हे तास चालकाने कागदी वहीत स्वतःच्या हाताने लिहावयाचे आणि रस्त्यावरील तपासनिसाने ती वही पडताळावयाची, ही व्यवस्था जवळजवळ ऐंशी वर्षे चालली. या वह्यांना खुद्द चालकच थट्टेने हास्यचित्रांची पुस्तके म्हणत. यावरून त्यांतील सत्याचे प्रमाण लक्षात यावे. २०१२ साली अमेरिकी काँग्रेसने वहीऐवजी यंत्र बसविण्याचा कायदा केला. १८ डिसेंबर २०१७ पासून तो अमलात आला आणि १ एप्रिल २०१८ पासून यंत्र नसलेल्या चालकाला रस्त्यावरच थांबविण्यास प्रारंभ झाला. जुन्या पद्धतीच्या उपकरणांना दिलेली सवलतही १६ डिसेंबर २०१९ रोजी संपली.

तासांची मूळ मर्यादा या कायद्याने बदलली नाही. दहा तासांच्या सलग विश्रांतीनंतर कामाचे चौदा तास सुरू होतात व त्यांपैकी अकरा तासच गाडी चालविता येते. सात दिवसांत साठ किंवा आठ दिवसांत सत्तर तासांची मर्यादा वेगळीच. बदलली ती मोजण्याची रीत. यंत्र इंजिनाशी जोडलेले असते. गाडीने ताशी पाच मैलांचा वेग गाठला की चालविण्याची वेळ ते आपोआप नोंदू लागते आणि तशी नोंदलेली वेळ मागाहून विश्रांतीची म्हणून दाखविता येत नाही.

रस्त्यावरील प्रश्न

यंत्राने संदिग्धता संपेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती वहीच्या पानांतून उठून रस्त्याच्या कडेला आली. यंत्र बिघडले तर काय? नोंदी तपासनिसाच्या संगणकावर पोहोचल्याच नाहीत तर दोष कोणाचा? चालकाला गाडीसह थांबवून ठेवले तर किती वेळ? या प्रश्नांची उत्तरे नियमांत आहेत. परंतु ती चालकाला आणि तपासनिसाला सारखीच ठाऊक असतील तरच त्यांचा उपयोग.

यंत्राचा पडदा तपासनिसाला गाडीत न शिरता पाहता आला पाहिजे. नोंदी पाठविण्याची सोय निकामी झाली, तर पडद्यावरील किंवा छापील नोंद दाखवून चालकाचे कर्तव्य पुरे होते. यंत्र बिघडल्यास त्याने चोवीस तासांच्या आत कंपनीला लेखी कळवावे, त्या दिवसाच्या व मागील सात दिवसांच्या नोंदी कागदावर पुन्हा मांडाव्यात आणि कंपनीने आठ दिवसांत दुरुस्ती करावी. यासाठी कोरे तक्ते आणि माहितीपत्रके गाडीत बाळगणे बंधनकारक आहे. आवश्यक यंत्रच नसेल, तर चालकाला दहा तास ‘सेवेबाहेर’ ठेवले जाते. त्यानंतर कागदी नोंदींच्या आधारे हातातील खेप पोहोचविता येते. नवी खेप मात्र घेता येत नाही.

हे सारे तपशील क्षुल्लक वाटतील. परंतु मैलांवर मजुरी मिळविणाऱ्या माणसाचे दहा तास म्हणजे जवळजवळ एका दिवसाची कमाई होय. नियमाचा अर्थ तपासणीनाक्यागणिक बदलू लागला, तर शिक्षा अपराधाला न होता दैवाला होते. म्हणूनच रस्त्यावरील नियम स्पष्ट करणे ही निव्वळ प्रशासकीय सोय नसून न्यायाची किमान अट आहे.

वेळेची किंमत

तथापि स्पष्टीकरणाचा सारा ओघ एकाच दिशेने वाहतो, हे दृष्टिआड करता येणार नाही. चालकाने काय करावे, हे मिनिटांच्या हिशेबाने सांगितले जाते. गोदामाच्या फाटकावर त्याला चार तास ताटकळत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचे कर्तव्य काय, हे मात्र त्या पत्रकांत शोधूनही सापडत नाही. चौदा तासांचे घड्याळ एकदा चालू झाले की अशा खोळंब्याने ते सामान्यतः थांबत नाही. पहिले दोन तास विनामूल्य धरण्याचा व्यापारातील प्रघात आहे. शिवाय १९३८ च्या श्रममानक कायद्याने आंतरराज्य वाहतुकीतील अशा चालकांना जादा कामाच्या वाढीव मजुरीतून वगळलेले आहे. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्या वस्तूला किंमत नाही तिची उधळपट्टी होते. येथे ती वस्तू म्हणजे चालकाचा वेळ.

या उधळपट्टीचे मोल अमेरिकी वाहतूक खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात मांडले. थांबण्याचा सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढला की अपघातांचे सरासरी प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते आणि खोळंब्यापायी पूर्ण खेपेची वाहतूक करणाऱ्या चालकांचे उत्पन्न वर्षाला एक अब्ज दहा कोटी ते एक अब्ज तीस कोटी डॉलरांनी घटते, असा त्यांचा अंदाज आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष तितकाच बोलका आहे. यंत्रसक्तीनंतर लहान कंपन्यांतील तासांच्या मर्यादेचे पालन बरेच सुधारले. अपघात मात्र कमी झाल्याचे दिसले नाही, उलट वेगमर्यादा मोडण्यासारखे गुन्हे वाढले. फाटकावर गमावलेला वेळ चालक रस्त्यावर भरून काढू पाहतो, हाच त्याचा सरळ अर्थ. तास मोजले गेले. घाई मोजली गेली नाही.

शासनाला याची जाणीव नाही असे नव्हे. माल पाठविणाऱ्याने व दलालाने चालकावर नियमभंगाची जबरदस्ती करू नये, असा नियम २०१६ पासून लागू आहे. मे २०१८ च्या मार्गदर्शनाने आणखी एक सवलत दिली. माल भरताना वा उतरविताना तास संपले, तर चालक जवळच्या सुरक्षित जागी विश्रांतीसाठी गाडी नेऊ शकतो व तो प्रवास खाजगी मानला जातो. सवलत योग्यच आहे. परंतु ती द्यावी लागली यातच मूळ दुखणे उघड होते. चालकाला बाहेर पडण्याची वाट दाखविण्यात आली; त्याला अडकविणाऱ्याकडून मोबदला मागण्यात आला नाही.

उपाय अशक्य नाही. गाडी कोठे व किती वेळ उभी होती, हे सांगणारे साधन आता अनेक ट्रकमध्ये आहे. जी नोंद चालकाविरुद्ध पुरावा ठरते, तीच थांबण्याच्या मोबदल्यासाठी त्याच्या बाजूने पुरावा का ठरू नये? खोळंब्याला मोल आले की फाटके आपोआप लवकर उघडतील.

भारतानेही या अनुभवाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. येथे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांसाठी दिवसाला आठ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. ती बव्हंशी कागदावरच राहिली. २०२१ साली नितीन गडकरी यांनी चालकांचे तास निश्चित करण्याचा आणि झोपेची सूचना देणारी साधने ट्रकमध्ये बसविण्याचा विचार बोलून दाखविला. यंत्र आज ना उद्या येईल. ते येण्यापूर्वी बंदरांच्या व गोदामांच्या दाराशी जाणाऱ्या तासांचा धनी कोण, हे ठरविले पाहिजे. नाही तर येथेही हिशेब चोख राहील आणि त्याची वसुली तेवढी एकट्या चालकाकडून होईल.