वानप्रस्थ समुद्रकाठी

गृहस्थाश्रमातील अवघड प्रश्न मुहूर्त पाहून येत नाहीत. ते बहुधा जेवणाच्या पंक्तीत, शेवटचा ताकभात कालवीत असता उपस्थित होतात. आमच्या परिचयातील पुण्याच्या एका एकत्र कुटुंबात मागील पौषात असेच झाले. घरातील वडील गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे, बांधकाम खात्यातून निवृत्त. पत्नी निवर्तून चार वर्षे झालेली. नोकरीच्या काळी ते दोन वर्षे मॉरिशस बेटावर होते. त्यांनी शांतपणे सांगितले, की उरलेली वर्षे त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाक नावाच्या गावी काढावी असे मनात आहे. थोरला मुलगा हसला, धाकटा गप्प राहिला आणि थोरल्या सूनबाई एवढेच म्हणाल्या, "मामंजी, आमचे काही चुकले का?"

त्यानंतर पंधरा दिवस त्या घरात कोणी मोकळेपणाने बोलेना. शेवटी थोरल्याने आम्हांस बोलावून आणले. आम्ही वडिलांची समजूत घालावी, ही त्याची अपेक्षा. आम्ही समजूत न घालता दोन सायंकाळ वडिलांचे ऐकून घेतले आणि तिसऱ्या सायंकाळी मुलांचे. हा प्रश्न आता पुष्कळ घरांत निरनिराळ्या रूपांनी येऊ लागला आहे. यास्तव त्या घरच्यांच्या अनुमतीने, नावे वगळून, त्याचा विचार येथे मांडीत आहो.

प्रथम शास्त्राकडे पाहू. कारण थोरल्याने पहिला बाण तोच काढला होता. अंगास सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले, की गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे. वाचकांनी लक्षात घ्यावे, की येथे निघणारा स्वतः वृद्ध आहे. त्याला पुत्रांनी घालवून दिलेले नाही, आणि पुत्रांनी अनुज्ञा द्यावी अशी अटही तेथे नाही. उलटपक्षी बौधायनाने समुद्रप्रवास हा पातित्याच्या कारणांत गणला आहे, हेही खरे. परंतु आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या तेव्हा जो वाद माजला, तो आता कोणत्या घरात उरला आहे? स्वतः दोनदा विलायतेस जाऊन आलेल्या मुलाने बापापुढे तेवढे बौधायनाचे सूत्र ठेवावे, हे न्यायाचे नव्हे. तात्पर्य, शास्त्र येथे आडवे येत नाही. आडवी येते ती लोकनिंदेची भीती. 'मुलांनी बापाला समुद्रापार टाकला' असे आळीत कोणी म्हणेल, या धास्तीने मुलगे अस्वस्थ होते. बापाच्या सुखदुःखाचा विचार त्यांनी अद्याप केलाच नव्हता.

आमच्या मते अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारावा: वडिलांस समुद्राची ओढ आहे, की घरातून पाय काढावयाचा आहे? दोन्ही गोष्टी वरून सारख्याच दिसतात. परंतु त्यांची औषधे भिन्न आहेत. आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "तेथे सकाळी उठून आपण काय कराल?" ते म्हणाले, "किनाऱ्यावर फिरेन, मंडईतून भाजी आणीन आणि माझ्या हाताने आमटी करीन." मग थोडे थांबून म्हणाले, "गुरुजी, चार वर्षांत या घरात मी भाजी निवडलेली नाही. कोणी निवडू देत नाही. माझे पैसे थोरला पाहतो, औषधे सून पाहते, चष्मा नातू शोधतो. सगळे प्रेमाने करतात, म्हणून बोलताही येत नाही." आमच्या लेखी सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली या चार वाक्यांत होती. पत्नी होती तोवर घरातील पुष्कळ गोष्टी तिच्या मुखाने त्यांच्या कानी येत व त्यांचे मत तिच्या मुखाने घरात जाई. ती गेल्यावर तो मार्ग बंद पडला. वृद्धास उपाशी ठेवणारे घर वाईट हे सर्व जाणतात. पण त्याच्या हातून सर्व कामे काढून घेणारे घरही त्याला हळूहळू पाहुणा करून सोडते.

ही गोष्ट मुलांस सांगितली तेव्हा थोरला म्हणाला, "मग येथेच त्यांना भाजी निवडू देतो, बेटाचा विषय संपला." आम्ही म्हणालो, नाही. ओढही खरी आहे; तिचाही विचार तिच्या गुणावगुणांवर झाला पाहिजे.

मॉरिशस आपणांस सर्वस्वी परके नाही. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील व देशावरील मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुई बंदरातील ज्या आप्रवासी घाटावर ते उतरले, त्यास २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. बेटावरील निम्म्याच्या जवळपास लोक हिंदू आहेत. गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते. परंतु एवढ्यावरून तेथे सदाशिव पेठ भेटेल असे मानू नये. तेथील मराठी घरांतही रोजचे बोलणे बहुधा क्रिओल भाषेत चालते, वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंच असतात आणि कचेरीचा कारभार इंग्रजीत होतो. ज्याला इंग्रजी येते त्याचे अडत नाही. पण कट्ट्यावरच्या गप्पा क्रिओलवाचून जमत नाहीत. आमच्या गृहस्थांस ती थोडीबहुत येत होती, ही मोठीच जमेची बाजू.

आता परवान्याविषयी. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशीय निवृत्तांस तेथील सरकार राहण्याचा परवाना देते. २०२० साली त्याची मुदत दहा वर्षांची करण्यात आली. अट अशी, की परवानाधारकाने बाहेरून नियमित रक्कम डॉलरांत आणावी. ती काही काळ दरमहा १५०० होती. हा आकडा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीचाच धरावा. नोकरी करता येत नाही. साध्या निवृत्तिवेतनात ही रक्कम बसणे कठीण. आमच्या गृहस्थांचे ठेवींवरील व्याज व भाड्याचे उत्पन्न मिळून कसेबसे बसत होते. रुपयाचा भाव उतरला तर काय, हा हिशेब त्यांनी केलेला नव्हता. तो आम्ही त्यांच्याच हातून कागदावर करविला. परदेशीयास तेथे मनास येईल ती जमीन किंवा घर विकत घेता येत नाही. या मर्यादेस आम्ही उपकारच समजतो. कारण उतारवयात परमुलखी घर विकत घेणे म्हणजे परतीची वाट आपणच बुजविणे होय. भाड्याने राहावे, हेच शहाणपण.

इकडचीही व्यवस्था लागते. परदेशी कायम वास्तव्य झाले, की येथील साधे बचत खाते अनिवासी खात्यात पालटावे लागते आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. दरवर्षी नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयातून मिळू शकतो. निघण्यापूर्वी मृत्युपत्र व मुखत्यारपत्र नोंदवून ठेवावे, आणि कराच्या बाबतीत जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला आधी घ्यावा, मागून नव्हे.

शरीराचा विचार सर्वांत महत्त्वाचा. पश्चिम किनारा कोरडा व उबदार आहे. प्रवाळांच्या कड्यामुळे आतले पाणी संथ असते आणि काठाने आपल्या कोकणासारखीच सुरूची झाडे आहेत. गुडघे धरलेल्या माणसास अशा वाळूत चालणे सुखाचे वाटते. मात्र पाण्यात उतरावयाचे तर पायांत जोडे हवेत, कारण तळाशी विषारी काट्यांचे मासे असतात. तेथील ऋतू आपल्या उलट. आपला श्रावण तो तेथील हिवाळा. नोव्हेंबरापासून वैशाखाच्या सुमारापर्यंत चक्रीवादळांचे दिवस असतात. त्यांच्या सूचनांच्या चार पायऱ्या असून तिसरी लागली की घराबाहेर पडू नये असा दंडक आहे. जानेवारी २०२४ मधील 'बेलाल' वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. अशा रात्री एकाहत्तर वर्षांचा एकटा मनुष्य खिडक्या कोण बांधून घेईल याचा विचार करीत बसणार काय, हे आधी ठरले पाहिजे.

वैद्यकीय सोय बेटावर आहे. सरकारी व खाजगी अशी दोन्ही रुग्णालये आहेत. तथापि किचकट दुखण्यासाठी तेथीलच पुष्कळ लोक उपचारार्थ भारतात येतात, हे ध्यानात ठेवावे. येथील विम्याचा बहुधा तेथे उपयोग नसतो. सत्तरीनंतर तेथला नवा विमा महाग पडतो आणि जुनी दुखणी त्यातून वगळली जाण्याचा संभव असतो. मुंबईहून विमानास सहा तासांवर वेळ लागतो. म्हणजे मध्यरात्री छातीत कळ आली, तर मुलगा दुसऱ्या दिवसापूर्वी पोहोचत नाही. हे वाक्य आम्ही बाप व मुलगे यांच्यासमोर स्पष्ट उच्चारले. बाप म्हणाला, "येथेही तो रात्री दुसऱ्या मजल्यावर दार लावून झोपलेला असतो." थोरल्याचे डोळे भरून आले, आणि पंधरा दिवसांत प्रथमच ते दोघे परस्परांकडे पाहून बोलू लागले.

मग अंत्यविधीचा प्रश्न धाकट्याने भीतभीत काढला. वडिलांनी तो हसत सोडविला. त्या बेटावर हिंदूंच्या स्मशानभूमी आहेत आणि अग्नी सर्वत्र एकच आहे. अस्थी मात्र येथे आणाव्यात, आईच्या विसर्जिल्या तेथेच, असे त्यांनी सांगितले. मुलांनी ते लिहून घेतले. अशा गोष्टी अशुभ मानून टाळण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती हितावह वाटत नाही. जे बोलले जात नाही, ते पुढे भावाभावांत वादाचे कारण होते.

शेवटी पुढील व्यवस्था ठरली. अशाच प्रसंगी इतरांस उपयोगी पडावी म्हणून ती देतो. वडिलांनी प्रथम दोन वेळा सहा-सहा आठवडे तेथे राहून पाहावे. एकदा ऑगस्टच्या थंडीत व एकदा फेब्रुवारीच्या उकाड्यात आणि वादळांच्या दिवसांत. प्रवासी म्हणून नव्हे, तर भाड्याच्या खोलीत, स्वतः स्वयंपाक करून, पोर्ट लुईची बस धरून, एकदा तरी तेथील डॉक्टरांस प्रकृती दाखवून. पहिल्या खेपेस धाकट्याने आठ दिवस सोबत असावे, दुसऱ्या खेपेस कोणीही नसावे. पुण्यातील त्यांची खोली दोन वर्षे जशीच्या तशी ठेवावी; तीत नातवाची अभ्यासाची टेबले घालू नयेत. परतीच्या प्रवासाचे पैसे निराळ्या खात्यात असावेत. आणि परत यावेसे वाटल्यास कारण विचारले जाऊ नये. ही शेवटची अट आम्ही घातली, आणि तीच आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. पुष्कळ वृद्ध माणसे दुःखात केवळ एवढ्यासाठी राहतात, की 'आम्ही सांगत होतो' हे शब्द त्यांस ऐकावयाचे नसतात.

यांखेरीज एक गोष्ट तत्काळ अमलात यावी असे ठरले. त्यांच्या बँकेची कागदपत्रे त्यांच्या हाती परत द्यावी, आणि आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकघर सकाळी त्यांचे असावे. सूनबाईंनी हे तत्काळ मान्य केले, इतकेच नव्हे तर, "मामंजींच्या आमटीत गूळ जास्त पडतो, तेवढे मात्र सोसावे लागेल," असेही म्हणाल्या.

आता कोणी विचारील, की घरात मान परत मिळाल्यावर समुद्राची ओढ ओसरेल काय? ओसरेल किंवा न ओसरेल. ओसरली तर तिकिटाचा खर्च वाचला म्हणून मुलांनी आनंद मानू नये. न ओसरली तर आपण कमी पडलो म्हणून खेदही मानू नये. बापाने जावे की राहावे हे ठरविणे मुलांचे काम नव्हे. त्याच्यापुढे खरे आकडे, खऱ्या अडचणी व खरा स्नेह ठेवणे आणि मग बाजूस होणे, एवढेच त्यांचे काम. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे चालते. आपण सकाळी साडेसातला चहा घेतो तेव्हा तेथे सहा वाजतात. तेवढे अंतर रोजच्या एका दूरध्वनीने सहज भरून निघते. एकाच छपराखाली राहून पडलेले अंतर मात्र अशा साधनाने भरत नाही. त्यासाठी पंक्तीत एकमेकांशेजारी बसून बोलावेच लागते.