उसन्या आकड्यांवर उकळणारं पाणी

"आता लॅब कशाला? सगळं सिम्युलेशनवर होतं." हे वाक्य इंजिनिअरिंगच्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की ते आता कुणाला खटकतही नाही. मला खटकतं. मी कोड लिहून पोट भरतो, सिम्युलेशनशी माझं वैर नाही. पण हे वाक्य किती पोकळ आहे, ते उकळत्या पाण्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

चहाचं आधण ठेवलं की पातेल्याच्या तळाशी ठरावीक जागांवरूनच बुडबुडे सुटतात. तिथे धातूत डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात. त्यांत अडकलेल्या हवेतून, वाफेतून बुडबुडा जन्मतो. वाढताना त्याच्या पोटाखाली पाण्याचा काही मायक्रॉनचा थर उरतो. बुडबुडा मिलिमीटरचा, थर मायक्रॉनचा. कॉम्प्युटरवर दोन्ही एका जाळीत पकडायचे तर गणित अवाढव्य होतं. एकट्या बुडबुड्यासाठी ते करतात, आख्ख्या बॉयलरसाठी नाही. तिथे खाचा किती, बुडबुडा केवढा झाल्यावर सुटतो, सेकंदाला किती सुटतात, हे सगळं सूत्रांतून आत टाकलं जातं. आणि ही सूत्रं कुणीतरी खरंच पाणी उकळून मोजलेल्या आकड्यांवर उभी असतात.

एमआयटीच्या वॉरन रोसेनाऊंचं १९५२ सालचं सूत्र घ्या. त्यात पृष्ठभागासाठी एक स्थिरांक आहे. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात पाणी आणि पॉलिश केलेलं तांबं यांच्यासाठी तो ०.०१२८ आहे, तर चरे पाडलेल्या तांब्यासाठी ०.००६८. सूत्रात या आकड्याच्या घनाने भागायचं असतं. म्हणजे तेच पाणी, तेच तांबं, तेच तापमान, तरी उष्णता सहा पटींहून जास्त वाहते. फरक फक्त चऱ्यांचा. आता सांगा, स्क्रीनवरच्या गुळगुळीत भिंतीला हे कोण सांगणार?

आमच्या वाशिंदला रेल्वे १८५५ मध्ये आली, वाफेच्या इंजिनाच्या मागे. त्या काळच्या इंजिनवाल्यांकडे हे सूत्र नव्हतं. पण आत क्षार बसले की बॉयलर बिघडतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तो ठरावीक काळाने धुतला जायचा. पृष्ठभागाचं महत्त्व त्यांना हाताने कळलेलं होतं. उकळण्याचा आलेख जपानच्या शिरो नुकियामांनी १९३४ मध्ये मांडला, तोही पाण्यात तार तापवून. उष्णता वाढवत नेली की एका मर्यादेला वाफ तारेला गोधडीसारखी लपेटते, पाणी तारेला शिवेनासं होतं, तापमान एकदम शेकडो अंशांनी उडी मारतं आणि तार वितळते. साध्या हवेच्या दाबाला ही मर्यादा चौरस सेंटीमीटरला साधारण १०० वॅट.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. २०१४ पर्यंत तारापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे पाणी थेट इंधनाच्या नळ्यांभोवती उकळतं. नळीवरची ओल सुटली तर नळी तापून फुटू शकते. म्हणून अशा इंधनाची मर्यादा ठरवताना विजेने तापवलेले पूर्ण आकाराचे नमुने पाण्यात ठेवून चाचण्या घेतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रगत जड पाणी अणुभट्टीचा आराखडा केला, तेव्हा हाताशी कॉम्प्युटर कोड असूनही ट्रॉम्बेत इंटिग्रल टेस्ट लूप उभारला. ज्यांना चूक परवडत नाही, ते पाणी उकळून बघतात.

आणि आपली कॉलेजं? नुकियामांचाच प्रयोग मेकॅनिकलच्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये असतो. माझ्या कॉलेजात ते यंत्र कपाटात होतं. तार जळाली की नवी कोण मागवणार, म्हणून रीडिंग फळ्यावर लिहून मिळायची. ज्या प्रयोगात तार जळणं हाच निकाल, तो तार वाचवण्यासाठी बंद! पुढच्याच सेमिस्टरला त्याच वर्गाला रंगीत बुडबुड्यांचं सॉफ्टवेअर शिकवलं गेलं आणि भिंतीचे गुणधर्म ड्रॉपडाउनमधून निवडायला सांगितले.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या पोराला लॅब कुठून मिळणार, ओपनफोम तरी फुकट आहे. बरोबर आहे, आणि ते शिकलंच पाहिजे. बुडबुड्याच्या आतला दाब, क्षणाक्षणाचा प्रवाह सिम्युलेशनच दाखवतं, शंभर आराखडे स्वस्तात चाळून देतं. पण नुकियामांच्या प्रयोगाला लागतं काय? काचेचं भांडं, नायक्रोमची तार, ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर आणि वीज सांभाळून वापरायला शिकवणारा माणूस. गरिबीचं कारण पुढे करून गरीब पोरांनाच मोजण्यापासून लांब ठेवायचं आणि त्याला डिजिटल शिक्षण म्हणायचं, ही फसवणूक आहे. मोजायला न शिकलेला इंजिनिअर दुसऱ्याच्या आकड्यांचा फक्त ग्राहक होतो.

म्हणून प्रोजेक्टच्या व्हायवात कुणी बुडबुड्यांचा सुंदर व्हिडिओ लावला की टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: भिंतीसाठी टाकलेला आकडा कुणी मोजला, कुठल्या पृष्ठभागावर? उत्तर आलं नाही तर तो व्हिडिओ कार्टून आहे. आणि तुमच्या लॅबमधलं ते कपाट अजून बंद असेल, तर किल्ली मागा.