वस्तू बोलतात : पिसांचा चेंडू आणि कपाटातलं वर्तमानपत्र

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. अंगरखा चामड्याचा, पोटात पिसं, उडतो लांब पण पंख नाहीत. ओळखा पाहू मी कोण?

पक्षी म्हणाल तर चुकलात. उशी म्हणाल तर जवळ आलात, पण उशी कुठं उडते? उत्तर आहे गोल्फचा चेंडू! आजचा नव्हे बरं का, साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. असे चेंडू स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी एका संग्रहालयात बघायला मिळतात. हे संग्रहालय १९९० साली सुरू झालं आणि २०२१ पासून त्याचं नाव 'आर अँड ए वर्ल्ड गोल्फ म्युझियम' असं आहे. समोरच गोल्फचं जगप्रसिद्ध जुनं मैदान आहे. विमानाचं तिकीट नको, व्हिसा नको, चला आपण मनानंच तिथं जाऊन येऊ.

गोल्फ म्हणजे काय ते आधी दोन वाक्यांत सांगते. लांबलचक हिरवळीवर काठीनं छोटा चेंडू मारत न्यायचा आणि जमिनीतल्या खड्ड्यात घालायचा, गोट्या खेळताना आपण गलीत गोटी घालतो ना, तसा. असे १८ खड्डे असतात आणि सगळ्यांत कमी फटक्यांत जो संपवेल तो जिंकला.

आता तो पिसांचा चेंडू कसा करत ते बघा. बैलाच्या कातड्याचे तुकडे भिजवून शिवायचे. एक बारीक भोक ठेवायचं आणि त्यातून पिशवी उलटी करायची, म्हणजे शिवण आत जाते. मग उंच टोपीभर पिसं शिजवून मऊ करायची आणि त्या एवढ्याशा भोकातून ठासून ठासून भरायची. शेवटी भोक शिवून टाकायचं. चेंडू वाळला की कातडं आकसतं आणि आतली पिसं फुलतात. दोन्ही एकमेकांना रेटतात म्हणून चेंडू दगडासारखा टणक होतो. कसलेला कारागीरही दिवसात तीन-चार चेंडूच करू शके. त्यामुळे चेंडू महाग, आणि पावसात भिजला की कामातून गेला!

एका एवढ्याशा चेंडूत किती माहिती भरलेली आहे बघा. म्हणून माझं एक सांगणं आहे. संग्रहालयात गेलात की सगळी कपाटं धावत-पळत बघू नका. एखादीच वस्तू निवडा, तिच्यापुढे पाच मिनिटं उभे राहा आणि तिला विचारा, 'तू कशाची? तुला कुणी केलं? आणि हे आम्हाला कळलं कशावरून?' यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याची उत्तरं तीन ठिकाणांहून मिळतात : कागदावरून, वस्तूवरून आणि सांगोवांगीच्या गोष्टीवरून.

आधी कागद. स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळत होते याचा सगळ्यांत जुना लेखी पुरावा १४५७ सालचा आहे. पण तो कुणाच्या विजयाचा नाही, तर बंदीचा! लोक फुटबॉल आणि गोल्फ खेळत बसतात आणि धनुर्विद्येचा सराव करत नाहीत, मग लढाईला कोण जाणार? म्हणून राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटनं दोन्ही खेळांवर बंदी घातली. 'खेळ बंद, अभ्यासाला बस!' हे वाक्य किती जुनं आहे पाहिलंत ना? गंमत म्हणजे पुढे १५०२ साली चौथ्या जेम्स राजानं स्वतःच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. हे कळलं कशावरून? तर राजाच्या खर्चाच्या हिशेबावरून. राजा विसरला असेल, हिशेबाची वही विसरली नाही.

आता वस्तू. १८९८ साली इंग्लंडमधल्या हल या शहरात एका जुन्या घराची डागडुजी चालली होती. तिथं बंद करून टाकलेलं एक कपाट सापडलं. आत गोल्फच्या आठ जुन्या काठ्या होत्या, सहा लाकडी डोक्याच्या आणि दोन लोखंडी डोक्याच्या. सोबत एक वर्तमानपत्र होतं, १७४१ सालचं. पुढे या काठ्या ट्रून गावच्या क्लबकडे आल्या, म्हणून त्यांना 'ट्रूनच्या काठ्या' म्हणतात.

थांबा, इथं जरा डोकं चालवू. त्या वर्तमानपत्रावरून नक्की काय सिद्ध होतं? काठ्या १७४१ साली बनवल्या, असं? नाही. त्या त्याआधी कितीतरी वर्षं वापरात असतील. मग कपाट १७४१ सालीच बंद केलं, असं? तेही नक्की म्हणता येत नाही. तुमच्याही घरात जुनी रद्दी असतेच की. नक्की एवढंच, की ते कपाट १७४१ च्या आधी बंद केलेलं नाही, कारण पुढच्या तारखेचं वर्तमानपत्र आधी कसं मिळणार? बाकीचं ठरवायला अभ्यासक काठ्यांची घडण, लाकूड, लोखंड हे सगळं तपासतात. पण विचार करा, सापडणाऱ्यानं ते पिवळं पडलेलं वर्तमानपत्र 'कचरा' म्हणून फेकून दिलं असतं तर? काठ्या उरल्या असत्या, पण त्यांची तोंडं मिटली असती.

तिसरी राहिली गोष्ट. ही तुम्हाला आवडेल, कारण हिच्यात आपले विष्णू भगवान आहेत! असं सांगतात, की १८४० नंतरच्या काळात सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन नावाच्या कुटुंबाकडे पूर्वेकडून एक पेटी आली. आत विष्णूची मूर्ती होती आणि ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम केला की मऊ, गार झाला की कडक. घरातल्या मुलानं, रॉबर्टनं, ते तुकडे गरम केले, वळून चेंडू केला आणि मैदानावर जाऊन हाणला! पहिला चेंडू फुटला म्हणे, पण कल्पना टिकली.

यातलं 'म्हणे' लक्षात ठेवा. मूर्तीची ही गोष्ट आवडीनं सांगितली जाते, पण राजाच्या हिशेबासारखी ती पक्की नाही. पक्कं काय, तर १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू खेळात आले आणि ते संग्रहालयात आहेत. चांगलं संग्रहालय 'असं होतं' आणि 'असं सांगतात' या दोन्हींची सरमिसळ होऊ देत नाही. आपणही होऊ देऊ नये. (पालकहो, दातांच्या डॉक्टरांकडे रूट कॅनाल करून घेतलं असेल, तर हा गटापर्चा कदाचित तुमच्याही दातात असेल. आजही ते काम त्यानंच करतात.)

नवा चेंडू स्वस्त होता, पावसाला भीत नव्हता आणि दबला तर गरम करून पुन्हा गोल करता येई. सगळ्यांना आनंद झाला असेल ना? नाही! पिसांचे चेंडू बनवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. सेंट अँड्र्यूजमध्ये अ‍ॅलन रॉबर्टसन हा नामांकित कारागीर होता आणि खेळाडूही तसाच. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस काम शिकला. एक दिवस टॉम मैदानावर नवा चेंडू खेळला. हे रॉबर्टसनला कळलं आणि दोघांचं असं वाजलं की टॉमनं ते काम सोडलं. १८५१ साली तो प्रेस्टविक गावी गेला. पुढे रॉबर्टसनलाही काळाचं ऐकावं लागलं. ज्या चेंडूचा त्याला एवढा राग होता, तोच तो बनवू लागला आणि १८५८ साली त्यानं सेंट अँड्र्यूजचं मैदान ७९ फटक्यांत संपवलं. तेव्हा तो मोठाच पराक्रम होता. तुम्हीच सांगा, रॉबर्टसन रागावला हे चूक की बरोबर? घरी जेवताना यावर जरूर वाद घाला. मी तरी त्याला खलनायक म्हणणार नाही. ज्याचं पोट त्या पिसांवर भरत होतं, त्याला नवा चेंडू गोड कसा लागेल?

आणखी एक गंमत. गुळगुळीत नवा चेंडू नीट उडत नसे, पण खेळून खेळून ओरखडे पडले की छान उडे! मग कारागीर हातोडीनं मुद्दामच खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवर दिसणाऱ्या तीन-चारशे खळ्या त्या ओरखड्यांच्याच नाती-पणती. खळ्यांमुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून वाहते, मागची ओढ कमी होते आणि चेंडू लांब जातो.

आता प्रश्न असा, की या वस्तू इतकी वर्षं सांभाळल्या कुणी? पुष्कळदा सरकारनं नव्हे, क्लबांनी आणि छंदिष्ट माणसांनी. मँचेस्टरच्या हॅरी वुड यांनी जुन्या काठ्या, चेंडू जमवले आणि १९१० साली त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. तेव्हा पुष्कळांच्या लेखी ती अडगळ होती! १९७० साली अमेरिकेत दोघा छंदिष्टांनी अशा संग्राहकांची संस्थाच काढली. पोस्टाची तिकिटं जमवणारे तुम्ही आणि ते, एकाच जातकुळीचे.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या संग्रहालयाकडे तर चंद्रावरून आलेली काठी आहे. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ च्या अ‍ॅलन शेपर्ड यांनी चंद्रावर दोन चेंडू मारले. काठीचं डोकं त्यांनी मोज्यात घालून नेलं होतं आणि माती उचलायच्या अवजाच्या दांड्याला ते जोडलं. १९७४ साली ती काठी त्यांनी संघटनेला दिली. चेंडू मात्र अजून चंद्रावरच आहेत. शेपर्ड गमतीनं म्हणाले होते की दुसरा चेंडू मैलोन्‌मैल गेला. २०२१ साली जुने फोटो नव्या तंत्रानं तपासले, तेव्हा तो फक्त ४० यार्डांच्या आसपास गेल्याचं दिसलं. आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगितलं तर मुलं म्हणाली, "बाई, एवढं तर आम्ही पण मारू!" मी म्हटलं, "मारा की, पण अवजड अंतराळ-पोशाख घालून आणि एका हातानं!"

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. दिवाळीची साफसफाई आली की माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. सगळं ठेवा असं मी म्हणत नाही, दोन खोल्यांत ते शक्यही नाही. पण आजोबांची बॅट, आजीचं जातं किंवा आत्याचं कबड्डीचं पदक देऊन टाकण्याआधी मुलांना एकदा हातात घेऊ द्या आणि त्यामागची हकिकत सांगा. वस्तू गेली तरी हकिकत राहील. आणि वस्तू ठेवलीत, तर हकिकतीसकट ठेवा.

मुलांनो, या आठवड्याचं काम. घरातली एक जुनी वस्तू निवडा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी लिहा : वस्तूचं नाव, कशाची बनली आहे, कुणाची होती, साधारण कोणत्या सालची, आणि हे कशावरून कळलं. शेवटच्या ओळीत 'कागदावरून', 'वस्तूवरून' की 'आजी सांगते', ते स्पष्ट लिहा. खाली तुमचं नाव आणि आजची तारीख घाला, आणि ती चिठ्ठी दोऱ्यानं वस्तूला बांधून ठेवा. डिंकानं चिकटवू नका, वस्तू खराब होते!