प्लास्टिकला थिनर लावू नका



ट्रॅक्टरच्या हेडलाइटवरचं जुनं स्टिकर काढलं, पण गम तसाच राहिला. वर धूळ बसून काळा पट्टा. पोरगा म्हणला, "आबा, थिनर मारा, मिनिटात जातंय." मारलं. गम गेला, पण काच पांढरट झाली, बारीक तडे गेले. आपण काच म्हणतो, ते पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतंय, थिनर त्याला खातं. आता रात्री उसाची ट्रॉली घेऊन निघालं की एका बाजूचा उजेड नुसता फाकतो, रस्त्याची कड दिसत नाही. लाइट बदलावाच लागणार.

माझं स्पष्ट मत आहे, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिशचा रिमूव्हर प्लास्टिकजवळ आणूच नये. लोखंडावर चालतं म्हणून सगळीकडं चालत नाही. पेट्रोलचा बोळा घेऊन बॅटरीशेजारी घासणाऱ्यांना तर काय बोलावं!

डॅशबोर्डवरचा गम मग मी सावकाश काढला. ट्रॅक्टर तासभर उन्हात ठेवला, गम मऊ झाला. त्यावर गोडं तेल चोळलं, वीसेक मिनिटं मुरू दिलं आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडलं. ब्लेड नको, ओरखडे पडतात. राहिलं तिथं परत तेल. शेवटी भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं. तेल मात्र पुरतं धुवा, नाहीतर धूळ दुप्पट बसते. तुमचं प्लास्टिक वेगळं असंल, तर आधी आतल्या कोपऱ्यात थोडं लावून बघा.