कवड्या की मण्यार?

बावधनसारख्या टेकडीलगतच्या वस्तीत घरात कवड्या साप निघणे नवलाचे नाही. एरवी दगडांखाली, झाडांच्या भेगांत राहणारा हा बिनविषारी साप रात्री पालींच्या मागावर घरात शिरतो आणि मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पांढरट पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट असतात. मण्यारीचे बहुधा जोडीजोडीने व शेपटीकडे ठळक. ही ओळख शाळेत शिकवलीच पाहिजे. पण दोन्ही चुका सारख्या नाहीत. कवड्याला मण्यार मानले तर साप मरतो. मण्यारीला कवड्या मानले तर माणूस! म्हणून विद्यार्थीमित्रांनो, काठी नको आणि हातही नको. दूर उभे राहून निरीक्षण करा व मोठ्यांकरवी वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.